शेंड्यांचं बेणं

कोवळा शेंडा नखाने दाबला की पाणी सुटतं.

गोठ्यात बादली पालथी.

"तुझ्या हातालाच गुण नाही." नवरा, चहा फुंकत.

सरळ सांगायचं तर असं. उन्हाळ्याआधी हिरव्या चाऱ्याची सोय झाली नाही तर गाय विकायची, असं नवऱ्याने धाकट्या सुनेला सांगून टाकलं होतं. तिला गाय ठेवायची होती. म्हणून बांधापलीकडे थोरल्या जावेकडे ती लावणीसाठी हत्तीगवताचं बेणं मागायला गेली.

जावेने हात आखडला नाही. विळ्याने सपासप शेंडे कापले, भारा बांधला. "कोवळं कोवळं बघून दिलंय हो. नाहीतर म्हणशील, थोरलीने चोथा गळ्यात मारला."

धाकटीने बांधाच्या कडेने ओळी धरून शेंडे लावले. कळशी कळशी पाणी घातलं. आधी त्यांनी माना टाकल्या, मग काळे पडले. उपटून पाहिलं तर मूळ नाही, नुसता कुजका वास.

नवरा काय म्हणाला, ते वर आलंच आहे.

गाय थोरल्या दिरांनीच घेतली. घरातच राहिली, असं सगळे म्हणाले.

गायीचं दावं तेवढं परत आणायला धाकटी तिकडे गेली. गोठ्यामागच्या उकिरड्यावर शेंडे छाटून उरलेली जून कांडं फेकलेली होती. पेरापेराला कोंब. खाली पांढरी मुळं.

"ताई, बेणं हे होतं."

"अगं बाई, लाकडासारखी कांडं कुणाच्या हातात द्यायची? चार माणसं नावं ठेवतील मला."

"तुमचं कशाचं लावलं होतं मग?"

"लावलं ह्यांनी. मी आपली कापायची धनीण."

धाकटीने कांडं उचलून आणली. पेरावरचे दोन डोळे मातीत, एक वर, अशी तिरपी खोचली. एकही वाया गेलं नाही. गवत कमरेला लागलं तशी जाऊ बांधावर येऊन उभी राहिली.

"काय झक्क आलंय गं! पण घालणार कुणाला? आमच्याकडेच टाकत जा. गाय तुझीच आहे की."

"टाकते," धाकटी म्हणाली.

रोज सकाळी ती भारा नेऊन टाकते. गाय तिच्याकडे बघून हंबरते. धार जाऊ काढते.

गाय धाकटीच्या माहेरची. वासरू होती तेव्हा टेम्पोत तिच्या मांडीवर डोकं ठेवून आली होती.