जनरलचा डावा हात

जमिनीवर

जनरल उद्या निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना एकदाच, एकट्याने, विमान उडवायचं होतं. नियम असा, की ज्याने बरीच वर्षं विमान हाती धरलेलं नाही, त्याने आधी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून उडवून दाखवायचं. इन्स्ट्रक्टर हो म्हणाली तर एकट्याने जायचं. हुद्दा काहीही असो.

या तळावरच्या इन्स्ट्रक्टरला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. तोंडावरसुद्धा.

"फार ताणू नका," तळप्रमुख तिच्या कानाशी लागले. "फोटोग्राफर येऊन बसलाय."

मग जनरलच्या पत्नीने तिला बाजूला घेतलं. "यांना घरात दिव्याचं बटण सापडत नाही हो. नीट बघून घ्या."

मान

वर गेल्यावर मास्तरीणबाई यंत्रांकडे कमी आणि जनरलकडे जास्त बघत होती. त्यांची मान सारखी गर्रकन मागे वळत होती. मागे काय होतं? एक ढग. तोही लांब.

"कोणी येतंय का, सर?"

"हं? नाही. सवय."

म्हणजे पूर्वी लढाऊ विमान. आणि कधीतरी मागे खरंच कोणीतरी होतं.

पंजा

या विमानाला इंजिन एक, म्हणून वेगाचा दांडाही एकच. जनरलनी तो पंजा पसरून धरला होता, जणू चार दांडे एकदम ढकलायचेत. मालवाहू, चार इंजिनांचं. पण लढाऊ सोडून तिकडे कोण जातं?

"मालवाहूवर तुम्हाला पाठवलं, की तुम्ही मागितलंत?"

जनरल चमकले. "कोणी सांगितलं तुला?"

"हाताने."

"मागितलं. मुलगी झाली होती." मग थोडं थांबून, "पोती बरी. मागून गोळ्या झाडत नाहीत."

(कचेरीतली वर्षं तिने हातात शोधली. तीच तर सर्वांत जास्त होती. हातात काही सापडेना. मग जनरल रेडिओवर नियंत्रण कक्षाला म्हणाले, "वाऱ्याचं जरा बघून घ्या आणि कळवा." सापडली.)

डावा हात

विमान त्यांनी असं टेकवलं, की चाकांना धावपट्टी कधी लागली ते तिला कळलं नाही. न थांबता पुन्हा उचलायचं होतं. उचललं. झकास. आता हो म्हणायला हरकत नाही, असं तिच्या मनात आलं.

"चाकं वर," ती म्हणाली.

जनरलचा डावा हात गुडघ्यापाशी खाली गेला आणि त्याने तिथला दांडा ओढला.

चाकांचा दांडा समोर आहे. गुडघ्यापाशी आहे तो पंखांच्या झडपांचा, आणि कमी वेगात विमान त्या झडपांवरच तोललेलं असतं. विमान खाली बसायला लागलं. धावपट्टीपलीकडचं कुंपण मोठं दिसायला लागलं. तिने त्यांचा हात झटकला, झडपा पुन्हा खाली घेतल्या, वेग पुरता दिला. कुंपण पायांखालून गेलं.



अजून हवेतच

एकदा इंजिन बंद झालं, की ती सलाम ठोकणार. मग फोटोग्राफर, तळप्रमुख, पुष्पगुच्छ. तिथे नाही म्हणणं तिला जमलं नसतं. इथे विमान तिचं होतं.

"एकट्याने नाही, सर."

जनरल समोर बघत राहिले. कान लाल झाले होते. आता ओरडणार, असं तिला वाटलं.

"कुठल्या विमानात होता गं चाकांचा दांडा, गुडघ्यापाशी?"

"तळाच्या फाटकाशी चबुतऱ्यावर जुनं विमान ठेवलंय, त्यात."

"तू बसलीस त्यात?"

"सगळेच बसतात. फोटोला."

"फोटोला!" ते हसायला लागले, ते थांबेनात. मग त्यांनी स्वतः रेडिओ उघडला. "एकट्याचं उड्डाण रद्द. इन्स्ट्रक्टरचा निर्णय. आणि खाली तिला कोणी काही बोलायचं नाही." रेडिओ बंद करून डावा हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. "इतकी वर्षं हा तिथेच बसून होता म्हणायचा. याला शिकवता येईल?"

"इंधन आहे अजून. विमान मी सांभाळते. डोळे मिटा आणि चाकांचा दांडा शोधा."

जनरलनी डोळे मिटले. हात गुडघ्याकडे निघाला, अडला, वर आला, चाचपडत पुढे सरकला आणि एका मुठीवर थांबला.

"हा!"

"तो हीटर आहे, सर. पुन्हा."