राहिलेलं दोबाले

आमच्या घरात अर्धं दोबाले, म्हणजे वडीलधाऱ्यांपुढचं अर्धवट लोटांगण, चालत नसे. आमच्या भाषेत इले म्हणजे जमीन, आणि दोबाले या शब्दाच्या शेवटी ती जमीन आहेच. छाती जमिनीला टेकली तर दोबाले, नाहीतर नुसती कंबर मोडली, असं आईचं स्पष्ट मत. बायकांनी गुडघे टेकायचे, पुरुषांनी सरळ पालथं पडायचं. इबादानहून सुट्टीला आलेले शिकलेसवरलेले भाचे जरासे वाकून बोटांची टोकं जमिनीला लावत. तेव्हा माळा ओवत बसलेली आई मण्यांच्या परातीतून मान वर करून विचारायची, "काय रे, काय सांडलं तुझं? शोधू लागू का?"

माझा धाकटा भाऊ आदेयेरी मात्र चार वर्षांचा असल्यापासून रोज सकाळी आईपुढे आडवा व्हायचा. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून आशीर्वाद द्यायची आणि तो उठला रे उठला की ओरडायची, "झटक तो शर्ट!" शाळेच्या शर्टावर छातीशी लाल मातीचा डाग कायमचा. तो घासायला मी. याचे लंगोटही मीच धुतलेत, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, तो आता कोणीही असो.

पुढे तो शाळामास्तर झाला, दोन मुलांचा बाप झाला, केस पिकायला लागले, तरी सकाळचा नेम चुकला नाही. चुकला तो एकदाच. परीक्षेचे पेपर आणायला आदोला जायचं होतं, बाहेर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. हा पठ्ठ्या दारातूनच वाकला आणि जमिनीला बोटं लावली.

"काय सांडलं?" आईने विचारलं.

"संध्याकाळी पुरं घालतो गं आई. गाडी थांबलीय."

"बघते हं," आई म्हणाली, आणि तो हसत पळाला.

संध्याकाळी तो परतला तो घरी आलाच नाही. म्हातारे राजे जाऊन आठ महिने झाले होते, या खेपेला पाळी आमच्या घराण्याची होती, पण आमच्या या साध्याभोळ्या मास्तरावर बोट ठेवतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सरदारांनी त्याला वेशीवरच गाठला, डोक्यावर अकोकोची पानं ठेवली आणि घेऊन गेले. पानं एकदा डोक्यावर पडली की माणूस राजा झाला.

सांगायला ओतुन आले. हे राजाच्या उजव्या हाताचे सरदार, माझ्या वडिलांचे जुने मित्र, रीतिरिवाजाच्या बाबतीत केसभर इकडचं तिकडे होऊ द्यायचे नाहीत. बसले, पाहुणचाराची कोलाची बी फोडली, घसा साफ केला.

"वहिनी, आजपासून त्याची छाती कुणापुढे जमिनीला लागायची नाही. जन्मदातीपुढेही नाही. त्याला नावाने हाक मारायची नाही. काबियेसी म्हणायचं."

"आणि मी?"

"तुम्ही गुडघे टेकायचे. सगळ्यांसारखे."

आई बराच वेळ परातीतले मणी चाळत राहिली. ओतुन गेल्यावर मी पेटले, वाट्टेल ते बोलले. तिने मला थांबवलं. "गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस? ते काय, आज ना उद्या टेकायचेच होते. पण बिम्पे, उभ्या माणसाला आशीर्वाद द्यायचा कसा गं? हात कुठे ठेवायचा?"



तीन महिने त्याला एकांतात ठेवलं, मग राज्याभिषेक झाला. आई गेली नाही. पाय दुखतात म्हणाली. सगळ्या गावाने मान्य केलं, मी केलं नाही. दर शुक्रवारी मी कुटलेल्या याम कंदाचा गोळा आणि पालेभाजीचं कालवण घेऊन राजवाड्यावर जायची. गुडघे टेकायची, काबियेसी म्हणायची. राजाला लोकांसमोर जेवता येत नाही, म्हणून तो पडद्याआड जेवायचा आणि मी अलीकडे बसायची. माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि मध्ये पडदा!

"ताई, आई काय म्हणते?" पडद्यामागून एकदा आवाज आला.

"पाय दुखतात म्हणते."

"ते संध्याकाळचं राहिलं गं."

मग ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. मला रडू आलं. पडदा होता म्हणून बरं.

कोरडा धुळीचा वारा सुटला तसा आईला ताप भरला. उतरला, पण ती काही खाटेवरून उठेना. डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं, तरी मणी ओवायची थांबली नाही, बोटांनाच सगळं ठाऊक. आणि एका सकाळी रस्त्यावर ढोल वाजले. राजाची छत्री आमच्या दारात थांबली. तो आत आला, मागोमाग ओतुन. बाकीचे बाहेर.

आईने माझा हात धरला आणि मी काही म्हणायच्या आत खाटेवरून उतरून गुडघे टेकले. "काबियेसी," ती म्हणाली. आदेयेरीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिला उचलून पुन्हा खाटेवर बसवलं. तो खुर्चीत बसला. मग दोघं पाहुण्यांसारखी बोलू लागली. ताप कसा आहे, बरा आहे. औषध घेतेस का, घेते. मला वाटलं, दोघांनाही धरून गदागदा हलवावं.

आईच्या मांडीवर ओवायला घेतलेली लाल मण्यांची माळ होती. तिने ती दोन्ही हातांत धरली आणि तट्‌कन तोडली. मणी ओटीत पडले, एक टणटण उड्या मारत जमिनीवर गेला.

पन्नास वर्षांत या बाईच्या हातून एक मणी सांडलेला मी पाहिला नव्हता.

"अगं बाई, सांडलं!" आई म्हणाली. "खाटेखाली गेला वाटतं."

मी वाकणार, तोच तिने माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. आदेयेरी तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, डोक्यावरची मण्यांची टोपी काढून उशीपाशी ठेवली, आणि तिच्या पायांपुढे अंगावरच्या पांढऱ्या झग्यासकट लांबच्या लांब पालथा पडला. छाती जमिनीला, कपाळ जमिनीला.

"काबियेसी!" ओतुन ओरडले. "हे काय चाललंय?"

"मणी शोधतोय, ओतुन," खालून आवाज आला. "आईला दिसत नाही."

ओतुननी त्याच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हातारा सगळं गाव गोळा करणार. पण त्यांनी पाठ फिरवली, दाराच्या चौकटीत भरून उभे राहिले आणि बाहेरच्यांना म्हणाले, "आत कुणी यायचं नाही. वहिनींचा मणी हरवलाय. वेळ लागेल."

आई वाकली. चाचपडत तिचा हात त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये जाऊन बसला. "आलामू," ती म्हणाली. हे तिने ठेवलेलं त्याचं लाडाचं नाव, तिच्याशिवाय कुणी घेत नसे. "आलामू, तुझा पाय ठेचकाळू नये. तुझं अन्न तुला गोड लागावं. तुझं डोकं तुझं वैरी होऊ नये. मुकुट डोक्यावर राहो, जोडे पायात राहोत. माझ्या आधी जाऊ नकोस, बाळा." मग जरा थांबून, "सापडला का रे?"

"नाही अजून."

"मग शोध."

मी भिंतीला टेकून उभी होते. मणी माझ्या पायाशीच आला होता. मी त्याच्यावर टाच ठेवली होती, आणि टाचेला तो चांगलाच रुतत होता.

शेवटी तो उठला, टोपी पुन्हा डोक्यावर घातली. पांढऱ्या झग्यावर छातीशी लाल मातीचा मोठा डाग. "झटक तो शर्ट," आई म्हणाली. त्याने हसत झटकला, पण ती माती अशी थोडीच जाते. ओतुननी आपला शेला काढून त्याच्या खांद्यांवरून छातीपर्यंत ओढून दिला. ढोल पुन्हा वाजले, छत्री हलत हलत रस्त्याला लागली.

आईने पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

"बिम्पे, बाहेर संध्याकाळ झाली का गं?"

सकाळचे अकरा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं.

"झाली, आई," मी म्हटलं.