उलट टपाली नाणं

ती शिवणकाम करायची, पण नवे कपडे शिवायचे दिवस कधीच सरले होते. नवे कपडे लोक तयारच आणतात. तिच्याकडे यायचं ते दुरुस्तीचं काम. पँटची लांबी कमी करा, चेन बदला, कोटाचं अस्तर उसवलंय, वर्षभरात पोट सुटलंय म्हणून कंबर जरा सैल करून द्या. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी मशीन, खुंट्यांवर गिऱ्हाइकांचे कपडे, आणि मागच्या खोलीत ती एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा परदेशात, जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डर. त्याला ती टिल्लू म्हणायची. नाव पडलं तेव्हा तो वीतभर होता, आता दारातून आत येताना मान वाकवावी लागते. येतो कधी, तो भाग वेगळा.

पूर्वी त्याचे पैसे एजंटमार्फत यायचे. टिल्लू तिकडे पैसे भरायचा, त्याला एक लांबलचक नंबर मिळायचा, तो फोनवरून आईला सांगायचा आणि मग ती एजंटच्या खिडकीशी रांगेत उभी राहायची. एजंट आपला हिस्सा कापून घ्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करायचा. सगळी कटकटच होती. पण नंबर सांगायला टिल्लूला फोन करावाच लागायचा. ती तो परत वाचून दाखवायची आणि मुद्दाम एखादा आकडा चुकवायची.

"आई, सात नाही गं, नऊ! नऊ!" तो ओरडायचा.

नंबर एकदाचा जुळला की मग जेवलास का, खोकला गेला का, तुझ्या खोलीतला तो घोरणारा माणूस अजून आहे का, हे ओघानं यायचंच.

मग टिल्लू क्रिप्टोवर गेला. त्याच्या कारखान्यातले बहुतेक जण घरी पैसे तसेच पाठवू लागले होते.

"घाबरू नकोस आई," तो म्हणाला, "हे डॉलरला बांधलेलं नाणं आहे, याचा भाव वरखाली होत नाही. मी इकडे बटण दाबलं की मिनिटभरात तुझ्या फोनमध्ये. मधे कुणी खाणारा नाही, काही नाही."

औषधाच्या दुकानातल्या बाईनं तिला सगळं नीट शिकवलं, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही इथपासून. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. औषधाचे पैसे फोननं, विजेचं बिल फोननं. दोऱ्यांचा व्यापारी नोट दिली की उजेडात धरून दोनदा निरखायचा. तोही आता नुसता फोनकडे बघून मान हलवायचा. गिऱ्हाइकं मागू लागली तसा तिनं मशीनच्या पाटावर आपला कोड चिकटवला. सुट्ट्या पैशांची हुज्जत संपली. पण सुट्टे शोधता शोधता लोक दोन शब्द बोलायचे, तेही संपलं. आता कपडा उचलायचा, फोन दाखवायचा आणि चालायला लागायचं.

टिल्लूचे फोनही विरळ झाले. पैसे मात्र वेळेवर यायचे. फोन टिंग करायचा आणि ती रिकाम्या खोलीत म्हणायची, "आले हो."

एकदा बटणवाल्याचे पैसे देताना तिचं बोट चुकलं आणि थोडे पैसे टिल्लूलाच गेले. क्षणभरात फोन खणखणला.

"आई! काय झालं? फोन चोरीला गेला का? कुणी फसवलं का?"

"अरे, बोट घसरलं."

तो इतका घाबरला होता की नंतर बराच वेळ बोलत राहिला. सध्या काम फार आहे, कारखान्याच्या फाटकावरच फोन जमा करून घेतात, पाळी सुटेपर्यंत मिळत नाही, आज सुट्टी म्हणून सापडलो, असं बरंच काही. तिनं चहा गार होऊ दिला.

पुढच्या सुट्टीला तिचं बोट पुन्हा घसरलं. त्याच्या पुढच्यालाही.

"आई," तो हसायला लागला, "तुझं बोट हल्ली फारच घसरतंय."

"वय झालं रे."

"बरं, असं कर. आठवण आली की थोडंसं पाठव. मी तेवढंच परत पाठवीन. म्हणजे समजायचं, पोरगं ठणठणीत आहे."

तेव्हापासून तो नेमच झाला. सकाळी चहा ठेवला की ती पाठवायची. रक्कम एवढीशी, की सुईसुद्धा आली नसती. कधी दुपारी परत यायची, कधी दिवस मावळल्यावर. त्यावरून ती अंदाज बांधायची. आज पाळी लांबली वाटतं. आज लवकर सुटला. आज उठायला उशीर झालाय आळशाला.

काही महिन्यांनी पैसे लगेच परत यायला लागले. बटणावरून बोट उचलायच्या आत टिंग. तिला आभाळ ठेंगणं झालं. औषधाच्या दुकानात गेली की ती सांगायची, "माझ्यासाठी फोन हातात धरूनच बसलेला असतो."

एक दिवस तिथे उभी असतानाच तिनं पाठवून दाखवलं. टिंग.

"बघा!"

"आत्ता?" दुकानवाली सहज म्हणाली. "पण मावशी, आत्ता तो कामावर असेल ना? तुम्हीच म्हणाला होतात, फाटकावर फोन काढून घेतात."

तिनं फोन पिशवीत टाकला. दुकानवालीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तसं लावून ठेवता येतं, मावशी. तुमचं आलं की आपोआप तेवढंच परत. काळजीपोटीच लावलं असेल हो."

"हो तर," ती म्हणाली आणि औषधं तिथेच विसरून घरी आली.

घरी येऊन तिनं एकदा पाठवलं. टिंग. पुन्हा पाठवलं. टिंग. विहिरीत वाकून हाक मारावी आणि आपलाच आवाज वर यावा, तसं ते होतं. तिनं फोन कपड्यांच्या ढिगाखाली सारला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाठवणं बंद केलं. आज विचारील, उद्या विचारील, म्हणून वाट पाहिली. आठवडा उलटला. कुणी विचारलं नाही. त्या यंत्राला परत पाठवता येत होतं, चौकशी करता येत नव्हती.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी तिनं सरळ फोन लावला.

"टिल्लू, ते परत येणारे पैसे तू पाठवतोस का?"

त्याच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"खोलीतल्या मित्रानं लावून दिलंय," तो म्हणाला. "आई, एकदा मी सलग दोन पाळ्या करून झोपलो होतो. उठून बघतो तर तू परत परत पाठवलेल्या पैशांची नुसती रांग लागलेली. तू तिथे फोनकडे बघत बसली असशील, हे मनातून जाईना. म्हटलं, तुला निदान थांबावं तरी लागू नये."

"म्हणजे मी रोज तुझ्या मित्राच्या यंत्राला गुड मॉर्निंग करत होते."

"आई, असं नको ना बोलू."

"आठ दिवस पाठवलं नाही मी. कळलं तुला?"

त्याला कळलं नव्हतं. आणि खोटं बोलायला तो लहानपणापासून कच्चा होता.

ती रागावणार होती. पण त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, थकलेला, थोडा घरघरणारा. खोकला गेलेला नव्हता.

"ते बंद कर," ती म्हणाली.

"मग कधी कधी दोन-दोन दिवस येणार नाही, आई. खरंच काम फार असतं."

"चालेल. नाही आलं तर कळेल तरी की तू कामात आहेस. आणि मिरी घालून काढा घे. खोकतोयस."

"घेतो."

त्यानं ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिनं चहा ठेवून पाठवलं आणि फोन गप्प राहिला. ती मशीनवर बसली. एका कोटाच्या बाह्या आखूड करायच्या होत्या. त्या उसवल्या, खडूनं खुणा केल्या, शिवल्या. घर इतकं शांत होतं की मशीन थांबलं की मागच्या खोलीतला नळ ठिबकताना ऐकू यायचा. संध्याकाळी गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं. तेही काही बोललं नाही. त्यानंतरचा दिवसही तसाच गेला. तिला यंत्र बरं होतं असं एकदा वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मग एका दुपारी ती चेन बसवत असताना फोन टिंग झाला. तिनं पाठवलं होतं तेवढंच परत आलं होतं. तिनं मशीन थांबवलं. म्हणजे पाळी आत्ता सुटली. आता फाटकावर फोन घेतला असेल, आणि बसमध्ये बसायच्या आधी पहिलं हे केलं असेल. आता खोलीवर जाईल, काहीतरी पोटात ढकलेल आणि बूट न काढताच आडवा होईल.

तिचं बोट त्याच्या नावावर गेलं. मग तिनं ते उचललं. टिंग वाजलं तर बसमध्ये लागलेली त्याची डुलकी मोडली असती. फोन बाजूला ठेवून तिनं चेनची पट्टी पुन्हा सुईखाली धरली आणि मशीन अगदी हळू चालवायला सुरुवात केली.