देवी टोचणाऱ्या चक्रीवरचा संशय

ज्याच्या लेकराच्या अंगात परकी वस्तू शिरणार आहे, त्याने ती वस्तू उलटसुलट करून पाहावी, आणणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत, यात कोणताही अधर्म नाही. अडचण तेव्हा उत्पन्न होते, जेव्हा विचारणारा उत्तर ऐकायला थांबत नाही आणि सांगणारा आपली चूक कबूल करत नाही. मित्रांनो, अशा दोघांच्या मध्ये झोळीत निजलेल्या एका अजाण बालकाची ही हकिगत आहे.

मी एक जुनी चक्री आहे, देवीची लस टोचण्याची. बोटभर लांबीची पोलादी दांडी आणि तिच्या टोकाला सदऱ्याच्या गुंडीएवढी, बारीक दातांची चकती, एवढाच माझा देह. दंडावर लसीचा थेंब ठेवावा, त्यावर मला टेकवून अर्धा फेरा द्यावा, हेच माझे कर्म. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ज्ञात नाही. मला आठवते तेव्हापासून मी पुंजाजींच्या कातडी पिशवीत होते. पुंजाजी वाशीमजवळच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले, नोकरीने देवी टोचणारे. प्रत्येक लेकरानंतर ते मला स्पिरिटच्या ज्योतीवर धरत आणि निवेपर्यंत वाट पाहत. लसीच्या काचनळ्या ते ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात ठेवत. कारण उन्हाने लस मेली, तर टोचूनही काही उपयोग होत नाही. मला तेव्हा वाटे, इतका जपणारा मनुष्य चुकणारच नाही. ते माझे अज्ञान होते.

सन १९५७ च्या चैत्रात आम्ही मालेगावकडच्या एका बंजारा तांड्यावर गेलो. लेकरे टोचून झाली. तरुण प्रेमसिंगनेही दंड पुढे केला. मग त्याची पत्नी सोनीबाई आली. तिच्या दंडावर कोपरापासून वर पांढऱ्या बांगड्यांची दाट रांग होती. तांड्यात तिला चुडो म्हणतात. पुंजाजी घाईत होते. मान वर न करता ते बोलून गेले, "बाई, ह्या वरच्या बांगड्या काढून ठेव."

चुडो सवाष्णीच्या अंगावरून उतरतो, तो पती गेल्यावरच. आणि पती तर तिथेच, दंडावर ओली लस घेऊन उभा होता.

प्रेमसिंगची आई रामीबाई पुढे आली. तिच्या मुखावर बालपणीच्या देवीचे वण होते. "काहून रे डाक्टर? माया पोरगा तुया समोर जिता उभा हाये, अन् तू माया सुनेचा चुडो उतरवून राह्यला?"

"चुकलं, मावशी. माह्या ध्यानात नाही आलं."

"ध्यानात नाही आलं! सुई ध्यानात राह्यते, मानूस नाही राह्यत. जाय, उचल तुयं गाठोडं!"

सोनीबाई टोचल्याविना राहिली. आम्ही परतलो.

मित्रांनो, पुढे जे घडले त्याने संशयाला बळ दिले. ज्येष्ठात एक नवा ताप देशभर पसरला. खोकला, अंगदुखी, डोके फुटल्यासारखे दुखणे. तो तांड्यावरही आला. प्रेमसिंग नऊ दिवस उठला नाही. तो वाचला, परंतु रामीबाईने मनाशी दोन आणि दोन जोडले. चुडो उतरव म्हणणारा आला, पोराला टोचून गेला आणि पोर मरता मरता राहिले. शिवाय टोचलेली लेकरेही तापाने फणफणली होती. मग ते टोचणे खोटे, किंवा त्याहून वाईट.

खरे सांगते ते असे की, त्या दिवसांत मलाही माझ्याविषयी शंका येऊ लागली होती. गावोगावचे जे दंड मी ओळखत होते, तेच दंड तापाने जळताना मी पाहत होते. माझे दात बोथट झाले होते काय? गाडग्यातली लस मेली होती काय?

माघ महिन्यात आसेगावच्या पलीकडे एका वस्तीवर देवी निघाल्या. तिकडून माणसे येत-जात होती. पुंजाजी सायकलीवरून पुन्हा तांड्यावर आले. सोनीबाईला पौषात पुत्र झाला होता. तो झोळीत होता, दीड महिन्याचा, आणि त्याच्या अंगी कोणतेच संरक्षण नव्हते.

झोळीपुढे रामीबाई बसली होती. "आला का? आता कोनाचा चुडो काढतं?"

पुंजाजींनी पिशवी खाली ठेवली, टोपी काढली आणि सोनीबाईकडे पाहून हात जोडले. "बाई, त्या दिवशी मी जे बोललो, ते माह्या तोंडून जायले नाही पाहिजे होतं. तुया चुडो अखंड राहो. टोचाचं असन तर कोपराच्या खाली टोचतो. मले तवाच सुचाले पाहिजे होतं."

सोनीबाईने पदर पुढे ओढला. पण ती तेथून उठली नाही.

"गोड बोलू नोको," रामीबाई म्हणाली. "मले एवढं सांग. तुयं टोचणं खरं, तं माया पोरगा कायले पडला? साऱ्या लेकरायले ताप कायले आला?"

"तो ताप देवीचा नव्हता, मावशी. दुसराच होता. हे टोचणं एका देवीचंच."

"हे बरं हाये! रोग आला का दुसरा म्हनाचं, नाही आला का आपला म्हनाचं!"

प्रेमसिंग हसला. पुंजाजींनाही हसू आले. मग त्यांनी विचारले, "मावशी, तुमाले देवी कधी आल्या होत्या?"

"सात वर्साची होतो."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर कायच्या येते! माया बहिनीले आल्या, दिराले आल्या, मीच त्यायच्या उशाशी बसलो. मले काही झालं नाही. एकदा येऊन गेली का देवीआई पुन्हा त्या अंगात येत नाही."

"अन् पडसं?"

"पडसं तं दरसालचं! कवा दोनदा."

पुंजाजी हळू बोलले. "मोठे डाक्टर सांगतात, देवीचा रोग एकाच तोंडाचा हाये. आज आला, वीस वर्सानं आला, तरी तेच तोंड. अंगानं एकदा पाह्यलं का ओळखून ठेवते. अन् तो येतेही हळू. अंगात शिरल्यावर दहा-बारा दिवस दबून राह्यते. तेवढ्यात अंग जागं होते. हा नवा ताप तसा नाही, पडशासारखा हाये. तो तोंड बदलून येते, अन् दोन दिवसांत मानूस आडवा करते. अंगाले जो स्वतःच ओळखता येत नाही, तो मी चक्रीनं कसा ओळखवू? अंगाले ओळख ठेवता येते, तिथंच आमचं टोचणं चालते. देवी न येता देवीची ओळख करून देतो, एवढंच."

"म्हंजे ह्या तापाचं टोचणं तुयाजवळ नाही?"

"नाही. कोनी केलं तरी ते जुनं होईन, पुन्हा नवं करावं लागन. अन् देवीचंही जलमभर पुरत नाही. काही वर्सानं पुन्हा टोचा लागते. खोटं कायले सांगू?"

मला वाटते, "नाही" या उत्तराने जे साधले, ते दहा आश्वासनांनी साधले नसते. रामीबाईने मला पिशवीतून उचलले, डोळ्यांजवळ नेले, माझ्या दातांवरून अंगठा फिरवला, वास घेतला. इतक्या निकट आणि इतक्या अविश्वासाने मला कोणीही पाहिले नव्हते. मग तिने सुनेकडे पाहिले.

"लेकरू तुयं हाये. तू बोल."

सोनीबाईने झोळीतून बाळ घेतले आणि स्वतःचा हात, कोपराखालून, पुंजाजींपुढे केला. "आधी मले. मंग त्याले."

मला ज्योतीवर धरले गेले. मी निवले. सोनीबाईच्या हातावर अर्धा फेरा, पुन्हा ज्योत, आणि मग त्या कोवळ्या दंडावर अर्धा फेरा. बाळ रडले. प्रेमसिंग तोंड फिरवून उभा राहिला.

"आठ दिवसांनी येतो," पुंजाजी म्हणाले. "त्याले थोडा ताप येईन. भिऊ नोका."

"ताप येईनच म्हनतं?" प्रेमसिंग वळून म्हणाला. "मंग आठव्या दिवशी मी इथंच उभा राह्यतो. तू येजो मात्र."

ते आठ दिवस मी पिशवीत पडून काढले. लस जिवंत असेल ना, हीच शंका मला कुरतडत होती. आठव्या दिवशी पुंजाजी गेले. प्रेमसिंग खरोखरच वाटेत उभा होता, हातात काठी घेऊन. बाळाला दोन दिवस ताप येऊन गेला होता. रामीबाईने बाळाच्या दंडावरचे फडके सोडले. तेथे मोत्यासारखा एक फोड होता, मधोमध खळगी असलेला. त्या वृद्धेने तो पाहताक्षणी ओळखला. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला.

"हेच," ती म्हणाली. "माया अंगावर मोजता नाही येत एवढे होते. ह्याले एकच."

प्रेमसिंगने काठी झोपडीला टेकवली आणि पुंजाजींसाठी पाणी आणले.

पंधरा दिवसांनी त्या तांड्यावर अंगात देवी असलेला एक पाहुणा मुक्कामाला राहिला. त्याच्या उशाशी रामीबाईच बसली. सोनीबाईच्या बाळाला काही झाले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. माणसाखेरीज त्याला राहायला दुसरे घर नव्हते आणि तोंड बदलणे त्याला साधले नाही. तो तोंड बदलणारा ताप मात्र अजून येतो, आणि त्याची लस वरचेवर नव्याने घडवावी लागते. मी आता वाशीमच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटात आहे. माझ्या दातांवर गंज चढला आहे. त्याचे मला दुःख नाही. माझे काम उरले नाही, यासारखे भाग्य कोणत्या हत्याराला लाभते?

मित्रांनो, कोणी लस घेऊन दारी आला, तर अवश्य विचारा की ती कशासाठी आहे, किती दिवस पुरेल आणि काय करू शकणार नाही. जो सांगतो, त्याने आधी समोरच्या माणसाकडे मान वर करून पाहावे.

ज्या मातेने आपला हात आधी पुढे केला, तिचे सौभाग्य अखंड राहो. ज्या वृद्धेने प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबली, तिला शांती लाभो. ज्याने हात जोडले, त्याचे हात सदैव हलके राहोत. आणि ते बालक जेथे असेल तेथे, दंडावरच्या त्या एका वणासह, सुखी असो.