एका रबरी कड्यासाठी

मित्रांनो, दोरीला हात लावू नका, नाहीतर पहारेकरी काका रागावतील. तिथूनच बघा. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसांची, छत उघडणारी, बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी. समोरच्या पाटीवर लिहिले आहे की मी या कंपनीची शान आहे. पाटी लिहिणाऱ्याने मला काही विचारले नव्हते, म्हणून माझी हकिगत मीच सांगते.

माझा जन्म याच कंपनीच्या कारखान्यात झाला. त्या काळी माझ्यासारख्या गाड्यांचे पत्रे माणसे लाकडी हातोड्याने ठोकून वळवत. दारे बसवणारा कामगार दार लावून आवाज ऐकायचा आणि मनासारखा येईपर्यंत बिजागऱ्या पुन्हा पुन्हा नीट करायचा. माझ्यासोबत एक पुस्तिका दिली होती. तिच्या पहिल्या पानावर छापले होते, 'आम्ही सदैव तुमच्या सेवेत आहोत.' मी नवी होते. मला ते खरे वाटले.

मला दातांच्या एका डॉक्टरांनी घेतले. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावणारा हा अबोल माणूस रविवारी सकाळी माझे छत उघडायचा आणि डोंगराच्या रस्त्याला लागायचा. शेजारच्या सीटवर त्यांची मुलगी असायची. ती मोठी झाली आणि माझ्यावरच गाडी चालवायला शिकली. पहिल्या दिवशी तिने मला असे गचके दिले की डॉक्टरांचा चष्मा नाकावरून मांडीवर आला. ते रागावले नाहीत. "गाडीचे दात पाडू नकोस, बाकी काहीही कर," एवढेच म्हणाले.

माझी देखभाल एका मेकॅनिककडे होती. सगळे त्यांना वैद्य म्हणत, कारण बॉनेट उघडण्याआधीच ते दुखणे ओळखत. काही झिजले की वैद्य कंपनीला पत्र टाकत. तीन आठवड्यांत तेलकट कागदात गुंडाळलेला नवा भाग येई, अगदी माझ्याच मापाचा. अशी पुष्कळ वर्षे सुखात गेली.

मग एके दिवशी भाग आला नाही, पत्र आले. त्यात लिहिले होते की या मॉडेलचे सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. वैद्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, "यांनी सहकार्य मागितलं कधी?"

तेव्हापासून त्यांची वणवण सुरू झाली. बंद पडलेल्या दुकानांचे माळे, भंगारवाल्यांच्या राशी, कुठे कुठे म्हणून ते गेले नाहीत! वायपरची मोटर एका टेम्पोची बसवली. माझा हा डावीकडचा आरसा माझ्याच एका बहिणीचा आहे. ती कशी गेली, ते मला कोणी सांगितले नाही. एकेक बहीण मोडीत निघाली की माझे काही महिने भागायचे. असे जगणे गोड नसते, मित्रांनो.

शेवटी गाडे अडले ते एका रबरी कड्यावर. ब्रेकवर पाय दाबला की एका नळकांड्यातले तेल पुढे ढकलले जाते आणि चाके थांबतात. ते तेल मागे निसटू नये म्हणून आत एक कडे असते, बोटातल्या अंगठीएवढे. माझे कडे झिजले. वैद्यांनी आठ महिने शोधले. मिळेना, तेव्हा दुसऱ्या गाडीचे जवळपास त्याच मापाचे कडे त्यांनी बसवले आणि डॉक्टरांना बजावले की हे कामचलाऊ आहे, सपाट रस्त्यावर हळू चालवा, डोंगरावर नेऊ नका.

डॉक्टरांनी मान डोलावली. दोन आठवडे ऐकलेही. तिसऱ्या रविवारी आभाळ निरभ्र होते. मुलगी चालवत होती. पहिल्या वळणापर्यंत जाऊन येऊ, असे डॉक्टर म्हणाले. पहिल्याचे चौथे वळण कधी झाले, तिघांनाही कळले नाही. तिघांत मीही आले. मलाही जायचेच होते.

उतरताना तिचा पाय थेट तळाला टेकला.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये," ती हळूच म्हणाली.

तिने गिअर खाली आणला, हॅन्डब्रेक ओढला आणि मला कडेच्या खडीच्या ढिगात घातले. तिला खरचटलेही नाही. डॉक्टरांनी मात्र धक्का सोसायला उजवा हात पुढे टेकवला होता. मनगट दोन जागी मोडले. हाड जुळले, पण बोटांत पहिली पकड आली नाही. दातांचे बारीक काम अशा हाताने कसे करणार? सहा महिन्यांनी दवाखान्याची पाटी उतरली.

डॉक्टर म्हणाले, चूक माझी, मीच वर न्यायला सांगितले. वैद्य म्हणाले, माझी, मी ते कडे बसवायलाच नको होते. मुलगी म्हणाली, गाडी मी चालवत होते. तिघांनी चूक आपसांत वाटून घेतली. कंपनीच्या वाट्याला काही उरले नाही.

वैद्यांनी नळकांडे उघडले तर ते कडे तेलात फुगून मऊ पडले होते. मग वैद्य स्वतःच मूळच्यासारखे कडे घडवायला बसले. पण रबर कोणते आणि नेमके माप किती, ते कंपनीकडच्या माझ्या नकाशांत होते. मुलीने कंपनीला अकरा पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. फोन आला तो चार वर्षांनी. माझ्या मॉडेलला पंचवीस वर्षे होत होती आणि त्यांना संग्रहालयासाठी मी हवी होते.

मुलगी आणि वैद्य त्यांच्या कचेरीत गेले. तिथले बोलणे वैद्यांनी नंतर डॉक्टरांना सांगितले, ते मी शेडमधून ऐकले. तिथले साहेब नम्र होते. नकाशे आहेत, पण बाहेर देता येत नाहीत, असे ते म्हणाले. मग तुम्हीच बनवून द्या, असे वैद्यांनी सुचवले. मोजक्या गाड्यांसाठी ते परवडत नाही, असे उत्तर आले.

"तुम्ही बनवणार नाही आणि मला बनवू देणार नाही," वैद्य म्हणाले होते. "मग गाडीनं करायचं काय?"

"आमच्याकडे द्या," साहेब म्हणाले. "आम्ही चालती ठेवू."

मुलीच्या मनात नव्हते. पण चार वर्षे मी शेडमध्ये उभी होते आणि उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला होता. डॉक्टर तिला म्हणाले, "देऊन टाक. माझ्या दारात उभी राहण्यापेक्षा ती कुठंतरी धावू दे."

कागदावर 'चालती ठेवू' असे नव्हते, 'जतन करू' असे होते. त्यातला फरक मला इथे आल्यावर कळला. आगीची भीती म्हणून आधी पेट्रोल काढले. मग हा चौथरा वजन पेलेना म्हणून इंजिन काढले. ते कुठे नेले, मला माहीत नाही. मग मला असे चकाकवले, की जन्मात कधी एवढी चकाकले नव्हते.

गेल्या महिन्यात वैद्य आले होते. पाठीत वाकले आहेत. सोबत डॉक्टरांची मुलगी होती, तिचेही केस पिकले आहेत. वैद्यांनी खिशातून गोळ्यांची रिकामी डबी काढली. तिच्यात कापसावर एक रबरी कडे होते. एवढी वर्षे ते करून बघत होते, आणि आता नेमके जमले होते. दोन मिनिटे बॉनेट उघडता का, असे त्यांनी पहारेकऱ्याला विचारले.

"उघडून काय करणार, काका?" तो बिचारा म्हणाला. "आत काही नाहीये."

वैद्यांनी डबी बंद केली. ती पुन्हा खिशात ठेवली. मग मुलगी म्हणाली, "बाबांना सांगू नका. त्यांना वाटतं, ही महिन्यातून एकदा धावते."

मित्रांनो, माझ्याशेजारी उभे राहून फोटो जरूर काढा. पण घरी गेल्यावर आपल्या सायकलीकडे, पंख्याकडे, आईच्या शिलाई मशीनकडे एकदा नीट बघा. त्यांचा बारीकसा तुकडा मोडला तर तो कोण देईल, ते मोठ्यांना विचारा. पुढे तुम्हीही काही ना काही बनवाल. बनवणे थांबवाल तेव्हा निदान मापे तरी मागे ठेवून जा.

मला आता त्या कड्याचा उपयोग नाही. माझी एखादी बहीण अजून कुठे रस्त्यावर असेल, तर तिच्या माणसांनी वैद्यांचा पत्ता शोधावा. फार वेळ लावू नये. वैद्य आता थकले आहेत.