मी, गुलनाजबाईंचा सूक्ष्मदर्शक

मी एक सूक्ष्मदर्शक. तीन भिंगं, एक छोटासा दिवा आणि डोळा लावायची नळी, एवढाच माझा देह. जन्मलो अंबाल्याच्या कारखान्यात. पण माझं घर भोरला, डॉ. गुलनाजबाईंच्या टेबलावर.

बाई पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या. सुट्टीतही कुठल्यातरी ओढ्याचा थेंब माझ्याखाली ठेवायच्या. आत काही वळवळलं की म्हणायच्या, "आलास का रे बाबा!"

एके दिवशी वेल्ह्याकडच्या एका वाडीतून ठकुबाई बाटलीभर पाणी घेऊन आल्या. वरच्या अंगाला रिसॉर्ट झाल्यापासून वाडीतली पोरं सारखी आजारी पडत होती. बाईंनी थेंब पाहिला आणि खुर्ची ठकुबाईंना दिली. जंतांची अंडी बघून ठकुबाई दचकल्याच. "म्याडम, ह्ये आमी पितो व्हय?"

बाईंनी प्रयोगशाळेत रीतसर तपासणी करून अहवाल दिला. तिथल्या साहेबांचा घरी फोन आला. पाणी पिण्यायोग्य आहे, असं लिहा म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आधी तुम्ही एक पेला प्या. मग लिहिते."

इकडं वाडीतल्या बायकांनी रिसॉर्टच्या फाटकासमोर ठाण मांडलं. अफवा पसरवल्या म्हणून ठकुबाईंसह पाच जणींना पोलिसांनी आत टाकलं. बाईंनी नोकरीचा राजीनामा दिला आणि त्या पाच जणींच्या बाजूनं कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. पाच जणी जामिनावर सुटल्या, पण बाई थांबल्या नाहीत. खरं बोलल्याबद्दल कुणाला उचललं की त्या तिथं हजर. मग एका सकाळी पोलीस घरी आले. लोकांना भडकवल्याचा गुन्हा बाईंवरही लागला.

"ह्यातनं काय दिसतं?" हवालदारानं मला उचलत विचारलं.

"तुमच्या घरचं पाणी आणा, दाखवते," बाई म्हणाल्या. तो ओशाळला, पण मला घेऊन गेलाच.

दोन वर्षं मी पोलिसांच्या मुद्देमालात होतो. शेजारी गंजके कोयते आणि हातभट्टीचे कॅन. शेजार तसा शांत होता. पण माझ्यात डोकवायला कुणी येईना. माझ्या भिंगांवर बुरशी चढली.

गेल्या महिन्यात निकाल लागला. बाई आणि त्या पाच जणी निर्दोष! वाडीच्या पाण्यात सांडपाणी सोडणारा रिसॉर्टचा नाला बंद करायचा हुकूमही झाला. बाईंचे भाऊ अन्वर मला पोलिसांकडून सोडवून, मांडीवर घेऊन टेम्पोतून वाडीत आले. हलगी वाजत होती, बायका फुगड्या घालत होत्या. बाईंनाही त्यांनी ओढलं. "म्याडम, हितं न्हाई म्हणायचं न्हाई!" बाईंचा चष्मा पडला, तरी फुगडी चालूच!

आता मी वाडीतच राहतो. बाईंनी भिंगांवरची बुरशी काढली आणि ठकुबाईंच्या सुनेला, वैष्णवीला शिकवलं; आता तीच मला चालवते. उत्रोलीपासून किकवीपर्यंतचे लोक बाटल्या घेऊन येतात. बाई मात्र आणखी कुणाच्या तरी जामिनासाठी धावपळ करताहेत.

तुम्हीही या. तुमच्या गावचं पाणी आणा. एवढंच करा, माझी भिंगं मऊ फडक्यानं पुसा. आणि दिसेल ते चार माणसांत मोठ्यानं सांगा.