धुकं माझ्यात नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. स्वीडनमधल्या हर्नोसांद गावाबाहेर समुद्राकाठी एक लाकडी उन्हाळी घर आहे, तिथे मी भिंतीकडे तोंड करून उभा असतो. माझ्या खांद्यावर मासे पकडायच्या गळांची पिशवी अडकवलेली आहे. कोणे एके काळी माझा तोरा काय होता, ते आता सांगून कोणाला खरं वाटणार नाही. आयुष्यात मला बरेच धक्के बसले. गंमत म्हणजे त्यातला विजेचा एकही नाही, सगळे माणसांनी दिलेले.

माझा जन्म स्लोव्हाकियातल्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला पहिल्यांदा सुरू केलं, माझ्यावर उमटलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. तेव्हाच माझी छाती फुगली. माझ्यासारखं स्वच्छ चित्र दाखवणारे टीव्ही त्या काळी नवेनवे होते. माशीचे पाय दाखवा म्हटलं तर मी पायावरची लवसुद्धा दाखवली असती.

मग मी हर्नोसांदच्या दुकानात भिंतीवर लागलो. आम्ही सगळे भाऊबंद रांगेत, आणि सगळ्यांवर एकच पोपट पंख पसरायचा. तिथे मला घ्यायला आलेलं कुटुंब मी विसरणं शक्य नाही. इल्वा नावाची बाई, तिची अकरा वर्षांची मुलगी तूवा आणि इल्वाचे वडील सिक्स्टेन. तूवाला वाढदिवसाला व्हिडिओ गेम खेळायचं नवं यंत्र मिळालं होतं आणि घरातला जुना, पोट सुटलेला टीव्ही त्याच्यापुढे अगदीच केविलवाणा दिसत होता.

या लोकांनी मला निवडायला जो घोळ घातला, त्याला तोड नाही. ते दर शनिवारी यायचे, यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढायचे, मुकाट्याने आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, प्रश्न विचारायचे आणि विचार करायला घरी निघून जायचे. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर इल्वाने टेपने मोजून आणलं होतं. वर्तमानपत्रं चिकटवून माझ्या मापाचा चौकोन घरच्या भिंतीवर लावून बघितला होता. सिक्स्टेन आजोबांनी तर वाचनालयात बसून ग्राहकांच्या मासिकातले निकाल पाठ केले होते.

शेवटच्या शनिवारी आजोबा माझ्याजवळ आले. इतके जवळ की त्यांचं नाक माझ्या काचेला टेकायचंच बाकी राहिलं. त्यांचा कॉफीचा वास असलेला श्वास माझ्यावर धुरकट उमटला. मी हबकलोच, कारण गिऱ्हाईक असं कधी करत नाही. विकणारी पेत्रा कौतुकाने म्हणाली, "तुम्ही जाणकार दिसता. ठिपके मोजताय?"

"हं," आजोबा म्हणाले. "हाच घेऊ या. याचे रंग खरे आहेत."

जाणकाराने मला पसंत केलं म्हणून मी हरखून गेलो. त्या दिवशीचं माझं सुख आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

घरी गेल्यावर दुसरा धक्का बसला. माझ्याबरोबर नव्या खेळयंत्राला जोडायची एक चपटी, काळी वायर आली होती. माझं स्वच्छ चित्र त्या वायरीतूनच येणार होतं. पण आजोबांनी जुन्या टीव्हीची तीन रंगांची वायर हातात घेतली, पिवळं, पांढरं आणि लाल टोक पुसलं आणि विचारलं, "ही चालते ना अजून?"

"चालते," इल्वा म्हणाली.

"मग चांगली वायर बाद कशाला करायची? नवी राहू दे. कधीतरी उपयोगी पडेल."

चपटी वायर माहितीपुस्तकासकट पिशवीत गेली आणि पिशवी माझ्याखालच्या कपाटाच्या खणात. या घरात चालती वस्तू टाकून देणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. त्या जुन्या वायरीतून माझ्यावर चित्र आलं आणि मित्रांनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. हा मी? झाडं म्हणजे हिरवे बोळे, माणसांना नाक नाही, अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी. मला ओरडून सांगावंसं वाटलं की धुकं माझ्यात नाही, ते त्या वायरीत आहे. पण टीव्हीला दुसऱ्यांचं बोलणं ऐकवता येतं, स्वतःचं एक अक्षरही बोलता येत नाही.

त्याहून कहर म्हणजे घरच्यांनी तोंड भरून स्तुती केली.

"केवढं मोठं!" तूवा म्हणाली. "पण आई, अक्षरं जरा केसाळ आहेत."

"सवय होईल," इल्वा म्हणाली. "इतका विचार करून घेतलाय."

खरी मेख तिथेच होती. इतक्या शनिवारांनंतर चूक झाली असं म्हणायचं कोणी?

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी संध्याकाळी माझ्यासमोर मैफल जमू लागली. शुक्रवारी या घरात टाको, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळीत भरलेलं सारण, असा बेत व्हायचा, मग बटाट्याचे काप आणि शेपूची चटणी घेऊन सगळे सोफ्यावर यायचे. खेळ एकच, जंगलातल्या रस्त्यावरची मोटारींची शर्यत. रस्त्यात मध्येच मूस येऊन उभा राही, म्हणजे तिथलं घोड्याहून थोराड हरीण, उंच पायांचं, दांडगं. माझ्यावर तो फक्त एक तपकिरी डाग दिसे, त्यामुळे सगळेच त्याच्यावर जाऊन आदळत.

"मला काही वाचता येत नाहीये!" इल्वा हसायची.

"मलाही नाही," आजोबा म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

आजोबांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि कोणाला ओरखडाही येऊ दिला नव्हता. इल्वा इस्पितळात पाळीवर जायची, म्हणून शाळा सुटली की तूवाला पोहण्याच्या तलावावर आजोबाच आपल्या जुन्या गाडीतून न्यायचे. हिवाळ्यात इथे दुपारीच अंधार पडतो, आणि तो रस्ता जंगलातून जातो. खरे मूस तिथेच उतरतात. एका गुरुवारी आजोबा आत येऊन कुरकुरले, "बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून लावतात ते खांब हल्ली रस्त्याला अगदी खेटून रोवतात. गाडीचा आरसा घासला माझ्या." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष माझ्या बिघडलेल्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, तूवाची मैत्रीण रोझीन खेळायला आली. जेवायची वेळ झाली तसं इल्वाने तूवाला स्वयंपाकघरात हाक मारली आणि रोझीन माझ्यासमोर एकटीच बसून राहिली. त्या काळी तिथे ही रीतच होती. पाहुणं पोर बाहेरच्या खोलीत थांबायचं आणि घरचे जेवून यायचे. त्या पोराचं जेवण त्याच्या घरी वाट बघत असणार, मध्ये पडून ते का बिघडवा, असा त्यामागचा विचार. कोणाच्या मनात वाईट काही नसे. रोझीनच्या घरी मात्र दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नसत, त्यामुळे ती आ वासून दाराकडे बघत राहिली. आतून टाकोचा वास येत होता.

करायला काही नव्हतं, म्हणून ती माझ्यामागे डोकावली. तीन रंगांची वायर बघून तिने कपाळाला हात लावला. मग तिने खण उघडला, पिशवी फोडली आणि ती चपटी वायर काढून माझ्या पाठीत खोचली.

मित्रांनो, मी उजळलो. पाइनच्या सुया एकेक वेगळ्या दिसू लागल्या. रस्त्यावरचं बर्फ दाणेदार झालं. मी स्वतःच स्वतःला बघून थरारलो.

"तूवा, इकडे ये!" रोझीन ओरडली.

सगळे टाको हातात धरूनच धावत आले. तूवाच्या टाकोतला मका जमिनीवर सांडला तरी तिला कळलं नाही.

"हे... हे आधीपासूनच यात होतं?" इल्वा पुटपुटली.

"वायर जुनी होती तुमची," रोझीन म्हणाली.

"चालत होती," आजोबा ओशाळून म्हणाले.

लगेच शर्यत सुरू झाली. तूवाने मूस आला तशी गाडी सफाईने वळवली. इल्वालाही जमलं. मग आजोबांची पाळी आली. रस्ता सरळ होता. समोर मूस येऊन उभा राहिला. त्याच्या दाढीवरचं दव मी दाखवत होतो, डोळ्यांतली चमक दाखवत होतो. आजोबा वेग कमी न करता त्याच्यावर गेले.

तूवा खिदळली. "आजोबा, मुद्दाम ना?"

आजोबाही हसले आणि पुन्हा निघाले. दुसरा मूस आला. तसेच गेले. या वेळी कोणी हसलं नाही.

"तुम्हाला तो दिसला नाही का?" रोझीनने साधेपणाने विचारलं.

"कोण तो?"

इल्वाने हातातली बशी खाली ठेवली. "बाबा, वर काय लिहिलंय?"

"पाइनचा घाट," आजोबा ताडकन म्हणाले. इतके महिने तेच नाव होतं. पण त्या दिवशी तूवाने नवा रस्ता निवडला होता, आणि मी ठसठशीत अक्षरांत 'गोठलेलं तळं' असं दाखवत होतो.

इल्वाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, काल तुम्ही तूवाला गाडीतून नेलंत. परवाही नेलंत."

मलाही तेव्हाच उमगलं, आणि बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सर्वांत मोठा होता. दुकानात माझ्या काचेला नाक लावून उभा राहिलेला तो माणूस ठिपके मोजत नव्हता. त्याला काही दिसतच नव्हतं.

आजोबांनी हातातला खेळाचा रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही सगळीच म्हणायचात ना, वाचता येत नाही म्हणून. मला वाटलं, चला, सगळ्यांनाच असं दिसतं. मी एकटा नाही."

इल्वा उठली आणि दारामागच्या खिळ्यावरच्या गाडीच्या किल्ल्या काढून तिने आपल्या खिशात टाकल्या. आजोबांनी ते पाहिलं नाही, पण आवाज ऐकला. त्यांनी मान खाली घातली. तूवा त्यांना बिलगून रडू लागली. बिचारी रोझीन घाबरून कोपऱ्यात उभी होती.

आजोबाच पहिल्यांदा सावरले. "इल्वा, आधी त्या पोरीला जेवायला वाढ," ते म्हणाले. "उपाशी बसवलंय आपण तिला, आणि आपल्या घरात दिसतंय फक्त तिलाच."

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पुढे एकेक करून दोन्हींची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर आजोबा दारातच उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी माझ्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मी अभिमानाने चमकत होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि लेकीकडे बघितलं.

"इल्वा," ते चकित होऊन म्हणाले, "तुझे केस कधी गं पिकले?"

इल्वा हसली आणि मग तिला रडू आवरेना.

आता माझी जागा नव्या टीव्हीने घेतली आहे. उन्हाळ्यात तूवा येते, कधीकधी माझ्यावरची धूळ पुसते. मला त्याचा राग नाही. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, तुम्ही नवा टीव्ही निवडायला जाल तेव्हा खुशाल लांबी मोजा, रंग पारखा, वायर तपासा. पण तुमच्याबरोबर आलेलं कोणी काचेला नाक लावून उभं राहिलं, तर त्याला जाणकार समजून पुढे जाऊ नका. हळूच जवळ जा आणि विचारा, तुम्हाला नीट दिसतंय ना?